निरोगी माणसाचं औषध

औषध म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे आजारी माणूस उभा राहतो. ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला. गोळीनं तोंड कडू झालं, पोटात ढवळलं, तरी आपण सोसतो; कारण आजाराचा त्रास औषधाच्या त्रासापेक्षा मोठा असतो. कॅन्सरच्या औषधानं केस गळतात, तेही रुग्ण आणि घरचे मान्य करतात. तिथे जिवाचाच प्रश्न असतो.

गर्भनिरोधकाचं तसं नाही. ते घेणारी बाई आजारी नसते. वीस-पंचवीस वर्षांची, धडधाकट, घरचं-बाहेरचं काम करणारी असते. औषध तिला आठ दिवस नव्हे, तर वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. आणि अशा लाखो जणी ते घेणार असतात. हजारात एकीला होणारा त्रास ऐकायला किरकोळ वाटतो. पण एक कोटी बायकांनी ते औषध घेतलं, तर हाच हिशेब दहा हजार बायकांवर जातो. शिवाय एखादीच्या बाबतीत औषध निकामी ठरलं आणि दिवस राहिले, तर पोटातल्या बाळालाही त्यापासून इजा होता कामा नये. म्हणजे एका औषधाची परीक्षा दोन निरोगी जिवांसाठी घ्यायची.

प्रजननशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी उमेदीची बरीच वर्षं काढली. बाहेर कुठे बोलायला गेले, की लोक विचारतात, ‘विज्ञान इतकं पुढे गेलं, मग पाळणा लांबवायला नवीन, सोपं, निर्धोक असं काही का निघत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर ‘निरोगी माणसाचं औषध’ या तीन शब्दांत आहे. ते उलगडून सांगण्याचा आज प्रयत्न करते.

आधी प्रयोगशाळेत काय चालतं ते पाहू. रसायनशास्त्रज्ञ नवी संयुगं बनवतात, एकामागून एक, शेकड्यांनी. त्यातलं कुठलं गर्भ रुजू देत नाही, हे पाहायचं काम जीवशास्त्रज्ञांचं. त्यासाठी पांढऱ्या उंदराची मादी घेतात. तिचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं आणि गरोदरपण साधारण एकवीस दिवसांचं असतं, त्यामुळे उत्तर लवकर मिळतं. संध्याकाळी नर आणि मादी एका पिंजऱ्यात ठेवायचे. सकाळी मादीच्या योनिमार्गातला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. शुक्रजंतू दिसले, की तो गरोदरपणाचा पहिला दिवस धरायचा. उंदरात गर्भ पाचव्या दिवशी गर्भाशयात रुजतो. म्हणून पहिले पाच-सात दिवस औषध द्यायचं आणि दहाव्या दिवशी गर्भाशयात किती गर्भ रुजले ते मोजायचं. औषध न दिलेल्या मादीच्या गर्भाशयात ते मण्यांच्या माळेसारखे ओळीनं दिसतात. औषध लागू पडलं असेल, तर एकही मणी नसतो.

असं रिकामं गर्भाशय पहिल्यांदा दिसलं, की प्रयोगशाळेत आनंद होतो. पण अनुभवी संशोधक तेव्हाही गप्प असतो. उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे त्याला ठाऊक असतं. उंदरात गर्भ रुजायला ऐन वेळी बीजकोशाकडून इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा एक झटका मिळावा लागतो. तो अडवला की काम फत्ते. माकडात आणि माणसात ही अट इतकी कडक नाही. त्यामुळे उंदरात शंभर टक्के यश देणारी औषधं बायकांमध्ये सपशेल पडलेली आहेत.

सपशेल पडलेली म्हणण्यापेक्षा, काही तर उलटी फिरली. क्लोमिफेन हे नाव मूल होत नाही म्हणून उपचार घेतलेल्या अनेक जोडप्यांना माहीत असेल. स्त्रीबीज वेळेवर सुटावं म्हणून ही गोळी देतात. याच रसायनानं उंदरात गर्भधारणा थांबवली होती. बायकांना देऊन पाहिलं, तर ज्यांच्यात बीज सुटत नव्हतं त्यांच्यात ते सुटायला लागलं! १९६७ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, ती वंध्यत्वावरचं औषध म्हणून.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. आय.सी.आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ साली डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी एक संयुग बनवलं. शोध चालला होता संबंधानंतर घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा. उंदरांवर ते उत्तम चाललं, बायकांमध्ये मात्र यानंही बीज सुटायला मदतच केली. गर्भनिरोधक म्हणून ते संपलं. पण इस्ट्रोजेनला अडवण्याचा त्याचा गुण आर्थर वॉलपोल या संशोधकाच्या मनात राहिला. स्तनांच्या काही कॅन्सरना इस्ट्रोजेनचं खतपाणी मिळतं, तिथे हे चालेल का, असा विचार झाला, रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि १९७३ साली ते ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध म्हणून बाजारात आलं. त्याचं नाव टॅमॉक्सिफेन. आज जगभर असंख्य बायकांचं आयुष्य त्यानं वाढवलं आहे. गर्भनिरोधकाच्या संशोधनावर झालेला खर्च वाया जातो असं कुणी म्हटलं, तर मी त्यांना टॅमॉक्सिफेनची आठवण करून देते.

आता आपल्या देशातल्या एका गोळीकडे येते, कारण ती याच घराण्यातली आहे.

लखनौमध्ये गोमतीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा अवधच्या नवाबांचा राजवाडा आहे. १९५१ साली पंडित नेहरूंनी तिथे केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन केलं. नवाबी महालात परीक्षानळ्या आणि उंदरांचे पिंजरे आले. डॉ. नित्या आनंद हे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. १९६० च्या दशकात परदेशी गोळ्या आपल्याकडे येऊ लागल्या होत्या. त्या संप्रेरकांच्या गोळ्या रोज घ्याव्या लागत, आणि मळमळ, डोकेदुखी, वजन वाढणं अशा तक्रारी होत्या. रोज घ्यावी लागणार नाही आणि शरीराच्या सगळ्या संप्रेरकांची घडी विस्कटणार नाही, अशी गोळी या मंडळींना हवी होती.

त्यांनी बनवलेल्या संयुगांपैकी एकाचा क्रमांक होता ६७/२०. पुढे त्याचं सेंटक्रोमन असं नामकरण झालं. याचं काम समजून घ्यायला कुलूप-किल्लीचं उदाहरण चांगलं. इस्ट्रोजेन ही किल्ली मानली, तर तिची कुलपं शरीरात अनेक ठिकाणी आहेत; गर्भाशयात, स्तनांत, हाडांत. सेंटक्रोमन गर्भाशयातल्या कुलपात जाऊन बसतं, पण ते उघडत नाही. खरी किल्ली आली तरी तिला जागा नसते. मग गर्भ रुजण्यासाठी गर्भाशयाचं अस्तर जसं तयार व्हायला हवं, तसं ते होत नाही. स्त्रीबीज दर महिन्याला बहुधा नेहमीप्रमाणे सुटतं, पाळीही येते. आणि हे औषध शरीरात बराच काळ टिकून राहतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, म्हणून गोळी आठवड्यातून एकदा घेतली तरी पुरते.

हे ऐकायला दोन मिनिटं लागली. पण प्रयोगशाळेतल्या ६७/२० पासून औषधाच्या दुकानातल्या पाकिटापर्यंतचा प्रवास दोन तपांचा झाला. उंदीर झाले, माकडं झाली. मग महिनोन् महिने औषध देऊन यकृत, मूत्रपिंड, रक्त तपासणं झालं. पुढच्या पिढीतल्या पिल्लांत व्यंग येतं का, ते पाहणं झालं. मग थोड्या बायका, मग जास्त बायका, मग त्यांनी गोळी सोडल्यावर जन्मलेली मुलं. जीवशास्त्राच्या बाजूनं डॉ. वेद प्रकाश कंबोज यांचं काम यात मोठं होतं. १९९१ साली हिंदुस्थान लेटेक्स या सरकारी कंपनीनं ही गोळी ‘सहेली’ या नावानं बाजारात आणली. संप्रेरकाच्या जातीतली नसलेली ही जगातली पहिली गर्भनिरोधक गोळी. २०१६ पासून ‘छाया’ या नावानं सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ती फुकट दिली जाऊ लागली. डॉ. नित्या आनंद २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या ९९ व्या वर्षी गेले.

चोवीस वर्षं हा वेळकाढूपणा होता का? काही वेळ सरकारी कागदपत्रांत गेला असेलही. पण घाई केली की काय होतं, हे जगानं आधीच पाहिलं होतं.

सुप्रसिद्ध ‘द पिल’ची गोष्ट घ्या. मेक्सिकोच्या जंगलातल्या एका कंदापासून संप्रेरकं स्वस्तात बनवण्याची युक्ती रसेल मार्कर यांनी काढली. १९५१ साली मेक्सिको सिटीतल्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी यांच्या हाताखाली पोटातून घेता येईल असं संप्रेरक तयार झालं. अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि मिन-च्युए चँग यांनी अशा संप्रेरकांचे सशांवर आणि उंदरांवर प्रयोग केले. मोठी चाचणी मात्र अमेरिकेच्या मुख्य भूमीवर न घेता १९५६ साली प्वेर्तो रिको या बेटावरच्या गरीब वस्त्यांत घेतली गेली. बायकांना मूल नको होतं, गोळी हवी होती, हे खरं. पण हे औषध अजून प्रयोगात आहे, हे त्यांना नीट सांगितलं गेलं नाही. चक्कर, मळमळ, उलट्या अशा तक्रारी केलेल्या बायकांचं म्हणणं पुरेसं मनावर घेतलं गेलं नाही. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून गोळीला परवानगी मिळाली, आणि त्यानंतर काही बायकांच्या रक्तात गुठळ्या होऊन जिवावर बेतत असल्याचं लक्षात आलं. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन होतं १५० मायक्रोग्रॅम. आपल्या ‘माला-एन’मध्ये आज ते ३० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे पाचवा हिस्सा. इतक्या कमी मात्रेत भागतं हे आधी शोधलं असतं, तर कितीतरी जणींचा त्रास वाचला असता. आजची गोळी बहुतेक निरोगी तरुणींना सुरक्षित आहे; पण तिची ती सुरक्षितता पहिल्या पिढीतल्या बायकांनी किंमत मोजून मिळवून दिलेली आहे.

आपल्याकडच्या आणखी एका कामाचा उल्लेख करायला हवा. दिवस गेले का, हे घरच्या घरी पाहायची पट्टी मिळते. दोन रेघा आल्या की समजायचं. ही पट्टी एच.सी.जी. नावाचं संप्रेरक ओळखते. गर्भ रुजण्याच्या सुमारास ते तयार होतं आणि गर्भ टिकायला ते लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी या संप्रेरकाविरुद्धच लस बनवली. १९९४ साली त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १४८ बायकांना लस दिली होती. ज्यांच्या रक्तात पुरेशी प्रतिद्रव्यं होती, त्यांच्या १२२४ ऋतुचक्रांत एकदाच गर्भधारणा झाली. आकडा थक्क करणारा आहे. पण पुरेशी प्रतिद्रव्यं तयार झाली ती सुमारे ८० टक्के बायकांत. बाकीच्यांचं काय? आणि प्रतिद्रव्यं कधी उतरली, हे बाईला घरबसल्या कसं कळणार? शिवाय जगभरातल्या स्त्री-संघटनांनी असाही आक्षेप घेतला, की लस एकदा टोचली की बाईच्या हातात काही राहत नाही. ‘नको’ वाटलं तर गोळी थांबवता येते, लस थांबवता येत नाही. हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. निरोगी माणसाच्या औषधात घेणाऱ्याची मर्जी हाही औषधाचाच एक गुण असतो.

इथपर्यंतची सगळी कथा बायकांच्या शरीराची झाली. महिला मंडळात हे सांगितलं, की कुणीतरी हमखास विचारतं, ‘ताई, पुरुषांची गोळी कधी येणार?’ आणि सगळ्या हसतात. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

एक अडचण शरीराची आहे. बाईच्या शरीरात महिन्याला बहुधा एकच बीज सुटतं. पुरुषाच्या शरीरात दर सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्रजंतू तयार होतात. एक बीज अडवणं आणि हा अखंड लोंढा अडवणं यांत फरक आहे. शुक्रजंतू पूर्ण तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे त्यांचं उत्पादन थांबवणाऱ्या औषधाचा परिणाम दिसायला आणि नंतर तो जायला काही महिने जातात. शिवाय रक्तातली नको ती द्रव्यं वृषणात शिरू नयेत म्हणून निसर्गानं तिथे पहारा ठेवलेला आहे, तो औषधालाही आडवा येतो.

तरी प्रयत्न झाले. चीनमध्ये काही खेड्यांत जोडप्यांना मुलं होईनाशी झाली, आणि त्याचं कारण सापडलं स्वयंपाकातल्या कच्च्या सरकीच्या तेलात. त्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. (आपण खातो त्या शुद्ध केलेल्या तेलातून ते काढून टाकलेलं असतं, तेव्हा काळजी नको.) १९७० च्या दशकात चीननं आठ हजारांहून अधिक पुरुषांना गॉसिपॉलच्या गोळ्या दिल्या. शुक्रजंतू कमी झाले. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरून अंगातलं बळ गेलं आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. १९८० च्या दशकात हा नाद सोडावा लागला.

अमेरिकेत त्याआधी एका औषधाची चाचणी तुरुंगातल्या कैद्यांवर घेतली गेली होती. शुक्रजंतू थांबले, गोळी सोडल्यावर परत आले, सगळं छान. मग हे औषध तुरुंगाबाहेरच्या माणसांपर्यंत गेलं, आणि एखाद्यानं दारू घेतली की घाम, उलट्या, धडधड सुरू! तुरुंगात दारू मिळत नव्हती, म्हणून हे तिथे कळलंच नव्हतं. औषध बाद झालं. पण का बाद झालं, याचा शोध पुढच्या पिढीनं घेतला. शुक्रजंतू तयार व्हायला ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं एक आम्ल लागतं. ते बनवणारं विकर आणि शरीरात दारूचा निचरा करणारं विकर हे एकमेकांचे भाऊबंद. औषध दोघांनाही पकडत होतं. मग विकराला हात न लावता त्या आम्लाचं वृषणातलं कुलूपच अडवलं तर? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. गुंडा जॉर्ज यांच्या प्रयोगशाळेत या विचारातून वायसीटी-५२९ हे संयुग तयार झालं. उंदरात आणि माकडांत त्यानं प्रजननक्षमता थांबवली आणि औषध सोडल्यावर ती परत आली. पुरुषांवरच्या पहिल्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. १६ निरोगी पुरुषांना काळजी करण्यासारखा त्रास झाला नाही. गर्भनिरोध होतो का, हे मात्र या चाचणीत पाहिलेलं नव्हतं. ते पुढच्या चाचण्यांनी ठरायचं आहे.

दुसरी अडचण मात्र शरीराची नाही, हिशेबाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागानं पुरुषांसाठी संप्रेरकांच्या इंजेक्शनची एक चाचणी झाली. भारतासह अनेक देशांतले ३२० पुरुष तिच्यात होते. दर आठ आठवड्यांनी इंजेक्शन. गर्भनिरोध चांगला झाला. पण मनःस्थिती बिघडणं, मुरुमं, सुई टोचल्या जागी दुखणं अशा तक्रारी आल्या, आणि सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीच्या सांगण्यावरून २०११ साली इंजेक्शनं थांबवली गेली. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बायकांनी विचारलं, की असले त्रास तर आम्ही गोळ्यांमुळे गेली पन्नास वर्षं सोसतोय, मग त्यांना वेगळा न्याय का? गंमत म्हणजे चाचणीतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक पुरुषांनी हे इंजेक्शन पुढेही घ्यायची तयारी दाखवली होती.

समितीची बाजूही समजून घ्यायला हवी. बाईच्या गोळीचा धोका तोलताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बाळंतपणाचा धोका असतो. आपल्या देशात २०१९-२१ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ९३ माता दगावल्या. गोळी हा धोका टाळते, म्हणून तिचे काही दुष्परिणाम मान्य होतात. पुरुषाला बाळंतपण नसतं. त्याच्या शरीराचाच विचार केला, तर दुसरं पारडं रिकामं. मग कुठलाही दुष्परिणाम जड भरणारच. हा तराजू एका शरीराचा आहे. मूल होणं किंवा न होणं ही दोघांची गोष्ट असेल, तर तराजूही दोघांचा मिळून धरायला हवा, असं अलीकडे अनेक संशोधक मांडत आहेत. मला ते पटतं. मात्र ‘दोघांचा तराजू’ म्हणजे पुरुषाला काहीही टोचायला मोकळीक नव्हे. बायकांच्या बाबतीत झालेली घाई पुरुषांच्या बाबतीत करून न्याय होणार नाही.

याच वाटेवर एक भारतीय काम चिकाटीनं पुढे गेलं आहे. प्रा. सुजॉय गुहा हे आय.आय.टी.मधले जैववैद्यक अभियंते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ते एका कल्पनेवर काम करत आले. शुक्रवाहिनी कापायची नाही, बांधायची नाही. तिच्यात एका बहुवारिकाचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या द्रव्याचं, इंजेक्शन द्यायचं. ते नळीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं आणि जवळून जाणारे शुक्रजंतू निकामी होतात. संप्रेरकांना धक्का नाही. याला ‘रिसग’ म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत ३०३ विवाहित पुरुष होते आणि पाठपुरावा सात वर्षांचा होता. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गर्भधारणा टाळण्यात ९९ टक्क्यांहून थोडं अधिक यश, गंभीर दुष्परिणाम नाहीत. प्राण्यांमध्ये हे द्रव्य धुऊन काढून प्रजननक्षमता परत आणता आली आहे. माणसात तसं करता येतं हे सिद्ध झालं, तर या शोधाची खरी किंमत कळेल. पहिल्या कल्पनेपासून या निष्कर्षांपर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. मोठ्या औषध कंपन्यांना इतका धीर नसतो. एकदा टोचून वर्षानुवर्षं चालणाऱ्या औषधात त्यांना फायदाही फारसा दिसत नाही. म्हणून असली कामं सरकारी संस्थांनीच करावी लागतात.

आपल्या मुंबईत परळलाही अशी संस्था आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, त्यापायी नोकरी गमावली आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांच्या हाती रबरी साधनांपलीकडे फारसं काही नव्हतं. १९५० च्या दशकात परळला गर्भनिरोधक साधनांची पारख करणारा विभाग निघाला. त्यातूनच पुढे प्रजनन संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. गर्भ कसा रुजतो हे ज्यांना कळतं, त्यांना तो का रुजत नाही हेही कळू लागतं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी शेजारच्या के.ई.एम. रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती डॉ. इंदिरा हिंदुजा आणि या संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून. पाळणा लांबवणारी आणि पाळणा हलवणारी, दोन्ही विद्या एकाच प्रयोगशाळेतल्या.

आता प्रयोगशाळेबाहेर पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार आपल्या देशात ३७.९ टक्के विवाहित बायका कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनवर विसंबून आहेत. पुरुष नसबंदीचा आकडा आहे ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, पोट न उघडता होणारं, सोपं. तरी ही तफावत. यात आणीबाणीतल्या सक्तीच्या आठवणीचा वाटा आहे, तसाच ‘हे बायकांचं काम’ या समजुतीचाही आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगढच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच दिवशी, काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली. त्यांपैकी १३ जणी दगावल्या. त्या आजारी नव्हत्या. कडेवरचं मूल घरी ठेवून चालत शिबिराला आलेल्या निरोगी बायका होत्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

चोवीस वर्षं तपासून तयार केलेली गोळी देशात आहे, आणि ती आहे हेच अनेकींना माहीत नाही. म्हणून शेवटी थोडं कामाचं सांगते. ‘छाया’ सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळते. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करायची. समजा तो रविवार असेल, तर पहिले तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी एकेक गोळी घ्यायची, नंतर फक्त रविवारी. सुरुवातीला काहींची पाळी लांबते, रक्तस्राव कमी होतो. त्यानं घाबरून जायचं कारण नाही. पाळी फार लांबली, तर मात्र दिवस गेले नाहीत ना, याची तपासणी करून घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. ज्यांना नुकतीच कावीळ होऊन गेली आहे, यकृताचा विकार आहे किंवा बीजकोशात गाठींचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. ती नको असेल तर तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, निरोध आहे. कुठलं घ्यायचं ते समजून-उमजून आपण ठरवायचं.

आणि दवाखान्यात जाताना नवऱ्यालाही बरोबर न्यावं. पुरुषांची गोळी अजून प्रयोगशाळेत आहे. पण प्रश्न विचारायला, ऐकून घ्यायला आणि स्वतःच्या नसबंदीची चौकशी करायला त्यानं त्या गोळीची वाट पाहायची गरज नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)